खाणीच्या ढिगावरील मातीची परीक्षा

चंद्रपूर-वणी भागातील उघड्या कोळसाखाणींभोवती टेकड्यांसारखे ढीग दिसतात. कोळशापर्यंत पोचण्यासाठी उपसलेला हा दगड-मुरूम होय. वरची सुपीक माती आरंभीच वेगळी साठविली नसेल, तर ती ढिगाच्या तळाशी गाडली जाते. अशा जागी परीक्षेवाचून लावलेली रोपे बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात व गावाचे श्रम वाया जातात.

परीक्षेत खरे महत्त्व नमुन्याचे आहे. ढिगातील माती पावलागणिक बदलते. म्हणून एकाच जागेची मूठभर माती फसवी ठरते. दहापंधरा जागी वीतभर खणून माती घ्यावी, कापडावर मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. जेथे रंग निराळा, तेथील नमुना स्वतंत्र ठेवावा. खताची जुनी पिशवी मात्र वापरू नये.

प्रयोगशाळेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद व पालाश पाहतात. काही खडकांतील लोह-गंधकाचे खनिज हवापाणी लागताच आम्ल निर्माण करते. तेथे चुना घालावा लागतो. शाळेत हे पाहावयाचे तर शुद्ध पाण्यात माती ढवळून निवळीत निळा लिटमस बुडवावा. तो तांबडा झाल्यास माती आम्ल समजावी. माती शिक्षकांनी खाणीच्या परवानगीने आणावी; ढिगाचे उतार घसरतात, मुलांना तेथे नेऊ नये.