आरोपीचे वकीलपत्र आणि बाबासाहेबांचे कलम २२

मागच्या महिन्यातली गोष्ट. विहारातली वंदना आटोपली होती, लोक चपला शोधत होते. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी नामांतराचे मोर्चे पाहिले ते आमच्या वस्तीतले काका जवळ आले. एरवी मला "बाळा" म्हणणारे काका त्या दिवशी "वकीलसाहेब" म्हणाले, तेव्हाच मी काय ते समजलो. "वकीलसाहेब, त्या खुन्याचं वकीलपत्र तुम्ही घेतलं म्हणतात. दुसरं काही काम मिळत नव्हतं का? बाबासाहेबांचं नाव घेता आणि खुन्याला सोडवायला जाता?"

सात-आठ माणसे ऐकत उभी होती. मी तिथे वाद घातला नाही. पण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही, चळवळीतल्या अनेक प्रामाणिक माणसांचा आहे. म्हणून उत्तर जाहीर देतो.

पहिली गोष्ट, तो "खुनी" नाही, आरोपी आहे. वीटभट्टीवरचा मजूर. पोलिसांनी पकडले, वर्तमानपत्रांनी फोटो छापला, वाहिन्यांनी नराधम ठरवून टाकले आणि आपण मान डोलावली. ज्या देशात इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला तरी पोलीस ठाण्याच्या मनातून पुसला गेला नाही, त्या देशातल्या दलित-बहुजनाने तरी केवळ पोलिसांच्या शब्दावर कोणाला खुनी म्हणू नये.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. घटना समितीत जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातून "योग्य प्रक्रिया" हे शब्द गेले आणि "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" एवढेच उरले, तेव्हा देशभरातून टीका झाली. बाबासाहेब स्वतःही त्यावर समाधानी नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी स्वतः १५-अ हे नवे कलम मांडले. तेच पुढे कलम २२ झाले. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही. (त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेचीही तरतूद आहे, तो दुसऱ्या लेखाचा विषय.) या कलमात "चांगल्या माणसाला" असा शब्द नाही. चोर असो, खुनाचा आरोपी असो, अटक झालेल्या प्रत्येकाला हा हक्क आहे. तेव्हा काका, बाबासाहेबांचे नाव घेऊनच मी तिथे जातो.

आता एक प्रकरण सांगतो. २००३ सालचे, नाशिकचे. पाच जणांची हत्या आणि बलात्कार. ऐकूनच अंगावर काटा यावा असा गुन्हा. सहा जण पकडले गेले. सहाही भटक्या जमातीतले, हातावर पोट असणारे. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ साली उघड झाले. तोवर तो फाशीच्या कोठडीत!

मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने अगदी सुरुवातीला पोलिसांच्या दप्तरातील फोटोंवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता. हे आरोपी भटक्या जमातीचे व गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब वाचकांनी करावा.

या सहा जणांसाठी त्या काळात कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. आपणही काढला नाही. शेवटपर्यंत कागद चाळत बसलेले वकील होते म्हणून ती माणसे आज जिवंत आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश कैदी मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक समाजातले निघाले.

काकांचा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे, आणि तो त्यांनी विचारला नाही. खैरलांजीच्या आरोपींचे वकीलपत्र तू घेतले असतेस का?

नसते घेतले. खरे सांगतो. २९ सप्टेंबर २००६ नंतर ज्याने ते फोटो पाहिले त्या आपल्या माणसाकडून ही अपेक्षा कोणी करू नये. मनापासून बचाव करू शकत नसेन तर ते वकीलपत्र घेणे आरोपीचीही फसवणूक आहे. पण त्यांना कोणीच वकील मिळू नये, असा ठराव बार असोसिएशनपुढे आला असता तर मी विरोधात हात वर केला असता. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तामिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. आणि खैरलांजीत जातीचा गुन्हा सिद्ध झाला नाही तो आरोपींना वकील होते म्हणून नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे टिकतील असा तपासच उभा राहिला नाही, असे माझे मत आहे. पुढे २०१० साली फाशीची जन्मठेप झाली तेव्हा आपण उच्च न्यायालयावर चिडलो, तपासाचे कागद मात्र थोड्यांनीच वाचले.

त्याच २००६ च्या नोव्हेंबरात निषेधासाठी रस्त्यावर उतरलेल्या आपल्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. जानेवारी २०१८ च्या बंदनंतर वस्त्यावस्त्यांत रात्री धरपकड झाली. दंगल, जाळपोळ, पोलिसांवर हल्ला. पोलिसांच्या कागदावर तीही पोरे "हिंसक गुन्ह्यातले आरोपी"च होती. तेव्हा मध्यरात्री वकिलाचा दरवाजा ठोठावताना आपण विचारले नाही की आरोपीचे काम घेता का!

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आमच्या किती विहारांत हे सांगितले जाते? मिळणारा वकीलही पुष्कळदा आरोपीला पहिल्यांदा कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतो, पाच मिनिटे, पोलिसाच्या हातातली दोरी ताणलेली असताना. माझ्या अशिलाचे तसेच झाले. मी कागद हाती घेतले तेव्हा त्याला जबाबाची प्रतही कोणी वाचून दाखवली नव्हती. तो निरक्षर आहे. दोन्ही पंच एकाच गावचे, आणि जप्तीच्या पंचनाम्यावर पोलीस ठाण्याचा शिक्का आहे, घटनास्थळाचा पत्ता नाही.

त्याने खून केला की नाही, मला माहीत नाही. ते ठरवण्यासाठी कोर्ट आहे. परवा पंचाची उलटतपासणी आहे. काकांना मी म्हटले, सकाळी अकराला कोर्टात या, मागच्या बाकावर बसा. ते येतो म्हणाले आहेत.