सुई, पत्रा आणि पॉलिश पेपर

पिनहोल कॅमेरा करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी डबा शोधायला लागतात. डबा कसलाही चालतो. घट्ट झाकणाचा चहाचा पत्र्याचा डबा असेल तर उत्तमच. आतून काळा मॅट रंग दिला, झाकणाच्या कडेने काळी इलेक्ट्रिकल टेप फिरवली की त्याचं काम झालं. जीव ओतायचा तो भोकावर, कारण या कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे ते भोकच.

भोक जितकं बारीक तितकं चित्र रेखीव, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. त्याहून बारीक केलं तर प्रकाश कडेशी वाकून पसरतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं. भोक आणि कागद यांत 10 सेंटिमीटर अंतर असेल तर साधारण 0.4 मिलिमीटर व्यास योग्य, 5 सेंटिमीटरला 0.3. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. तिथला झरोका सुईच्या टोकाहून कितीतरी मोठा, पण मागची अंधारी खोलीही तशीच मोठी.

टाचणी जाड पडते. शिवणाची 10 नंबरची सुई मागावी. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. तिचं नेढं खोडरबरात खुपसलं की धरायला मूठ मिळते. पत्रा शीतपेयाच्या कॅनचा घ्यावा, घरच्या कात्रीने कापता येतो. मात्र कडा बोट कापतात, जपून. स्वयंपाकघरातली फॉइल फाटते आणि डब्याचा जाड पत्रा भोकाचा बोगदा करतो, मग चित्राचे कोपरे काळवंडतात.

माझं पहिलं भोक मी एका दमात आरपार टोचलं होतं. मागे पत्र्याच्या दातेरी कडा उभ्या राहिल्या आणि फोटोतलं झाड नुसतं डागासारखं उमटलं. तेव्हापासून घाई करत नाही. पत्रा पुठ्ठ्यावर ठेवायचा, सुई दाबून गोल फिरवायची, पण आरपार जाऊ द्यायची नाही. मागे उंचवटा येतो. तो 600 नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासायचा. पुन्हा दाब, पुन्हा घास. दोन-तीन फेऱ्यांत पत्रा तिथे इतका पातळ होतो की सुईचं नुसतं टोक पलीकडे जातं. मग उलट्या बाजूने टोक अलगद फिरवून कड साफ करायची. उजेडासमोर धरून भिंगातून पाहिलं तर वर्तुळ स्वच्छ दिसायला हवं, कुठेही कुसळ नको.

स्कॅनर असेल तर हा तुकडा 1200 डीपीआयवर स्कॅन करून भोकाच्या रुंदीतले पिक्सेल मोजावेत. 19 भरले की 0.4 मिलिमीटर.

आतली बाजू काळ्या मार्करने रंगवून पत्रा डब्याला चिकटवावा. शटर म्हणून टेपचा तुकडा पुरतो, कारण फोटोचा कागद फार मंद असतो. कृष्णधवल कागद लाल दिव्याखाली भरावा. भर दुपारच्या उन्हात डबा विटेने दाबून पहिल्यांदा 40 सेकंद द्यावेत. निगेटिव्ह फार काळी आली तर पुढच्या कागदाला निम्मा वेळ.