साठीनंतरची रेघ

वय झाले की हातात तसबीह, औषधाची डबी आणि नातवंडाचे बोट एवढेच शोभते, असे आपल्याकडे मानतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या दादीला घरातलेच हसतात. आम्हाला ते हसणे खटकते.

रवींद्रनाथ टागोर चित्रांकडे मनापासून वळले ते साठी उलटल्यावर. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत. त्यातून पक्षी, विचित्र जनावरे उमटत. १९३० साली पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. एकूण चित्रे दोन हजारांवर गेली. बहुतेकांना त्यांनी नावही दिले नाही.

ते टागोर होते, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण खोडलेल्या शब्दाभोवती रेघ फिरवायला नोबेल लागत नाही. दर चांदरातीला पोरींच्या तळव्यावर मेंदी काढत आलेला हात वेल, पान, कैरी सहज काढतो. ज्या घरात सजीवांची चित्रे चालत नाहीत, तिथेही वेलबुट्टी आणि जाळी आहेच. किराणाच्या यादीची कोरी बाजू पुरते. फक्त ‘हे काय काढलंय?’ असे विचारू नका, आणि झाडताना तो कागद केरात लोटू नका.