नवे आणि बालवर्ग

आश्विन पौर्णिमेस आपल्या कोकणात नवान्न होते. हळव्या भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसे, झेंडूचे फूल व आंब्याचे पान यांचे ‘नवे’ दारास बांधतात. बोर्ली पंचतन व आसपासच्या गावांतील शेतकरी बंधूंस आमची विनंती की, यंदा हे नवे अंगणवाडीतील मुलांच्याही हाती पडावे.

ही रीत अपूर्व नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गावात सहज मिळणाऱ्या वस्तू हीच शिक्षणाची साधने झाली.

३ ते ६ वर्षांच्या मुलांस कृतज्ञतेचे व्याख्यान कळत नाही; हातास लागलेले कळते. म्हणून एक पेंढी द्यावी. मुलांनी लोंबीचे दाणे मोजावे, भात व नाचणी निरनिराळी करावी, दाणा सोलून आतील तांदूळ पाहावा. दाणा नाकात जाऊ नये म्हणून ताईंनी जवळ बसावे. नंतर विचारावे, ‘हा कोणी पिकविला?’

उत्तरात खातेदाराचे नाव येईलच. परंतु चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायांची व झोडणी करणाऱ्या गड्यांचीही नावे यावीत. सातबाऱ्यावर त्या हातांची नोंद नसते. त्यांची मुले मात्र आपल्या मुलांशेजारी त्याच सतरंजीवर बसतात. आपल्या आईचे नाव आदराने उच्चारलेले त्यांनी ऐकावे.

पेंढी पौर्णिमेपूर्वी पोहोचवावी, आणि गडी न पाठविता स्वतः न्यावी.