पशुधन पर्यवेक्षकाचे शिक्षण आणि बारामती-इंदापूरचे गोठे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाचे नाव आधी घेतले जात असले, तरी उसाचे बिल हंगामानंतर हाती येत असल्यामुळे घरखर्च, मजुरी आणि पेंडीची उधारी भागते ती दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागात बारमाही चाऱ्याची सोय केली आणि मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने कृत्रिम रेतन पशुपालकाच्या दारात नेले. त्यातून होल्स्टिन व जर्सी रक्ताची संकरित गाय पुणे जिल्ह्याच्या गोठ्यांत रुजली. ही गाय दूध भरपूर देते, मात्र उन्हाळा, गोचीडताप आणि कासदाह (कासेला येणारी सूज) तिला देशी जनावरापेक्षा लवकर गाठतात. म्हणूनच येथे प्रशिक्षित हाताची गरज रोजची आहे.

हा हात बहुधा पशुधन पर्यवेक्षकाचा असतो. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. पर्यवेक्षकाची, म्हणजे त्याखालची पशुधनविषयक पदविका दहावीनंतर घेता येते आणि ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. याहून अल्प मुदतीचे शिक्षण ‘मैत्री’ कार्यकर्त्याचे, म्हणजे केवळ कृत्रिम रेतन व प्राथमिक सेवांसाठी सुमारे तीन महिने तयार केलेल्या ग्रामीण तंत्रज्ञाचे असते. अमेरिकेत पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचा पहिला अभ्यासक्रम १९६१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डेल्हाय येथे सुरू झाला. तेथील तंत्रज्ञ प्रामुख्याने दवाखान्यात पशुवैद्यकाच्या शेजारी उभा राहून काम करतो, तर आपला पर्यवेक्षक मोटारसायकलवर एकटाच गोठ्यात पोहोचतो, आणि शिक्षणाचा कस लागतो तो या एकटेपणातच.

कृत्रिम रेतनाचेच उदाहरण घ्यावे. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रातून पाव मिलिलिटरची रेतकांडी काढून ती ३७ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा मिनिट ठेवावी लागते, नंतर कोरडी पुसावी लागते, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना घातक ठरतो; मग एक हात गुदमार्गात घालून गर्भाशयमुख पकडायचे आणि रेतन नळी त्याच्या जेमतेम पलीकडे नेऊन रेत सोडायचे. सकाळी माजावर आलेल्या गाईला संध्याकाळी भरवावे, सोट (माजाच्या वेळी योनीतून येणारा स्राव) काचेसारखा स्वच्छ आहे का ते पाहावे, हे पुस्तकात वाचून कळते; गर्भाशयमुखाची ओळख मात्र बोटांनाच पटावी लागते. एक माज वाया गेला की एकवीस दिवस जातात, आणि त्यांचा चारा पशुपालकाच्या अंगावर पडतो. ज्या विद्यालयाजवळ पुरेशी जनावरे नाहीत, तेथील पदविका त्यामुळे अपुरीच मानली पाहिजे.

कायद्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविकाधारकाला राज्य शासनाच्या आदेशाने ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि तत्सम प्राथमिक उपचार, एवढ्याच करता येतात आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली. प्रत्यक्षात जिल्हा परिषदांचे श्रेणी-२ चे दवाखाने दीर्घकाळ याच पदविकाधारकांवर चालत आले. शासनाने एकीकडे त्यांच्यावर दवाखाना सोपवायचा आणि दुसरीकडे त्यांना देखरेखीची अट घालायची, ही विसंगती पर्यवेक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. लाळ्या-खुरकूत व घटसर्पाच्या लसी गोठोगोठी टोचणारा आणि जनावरांच्या कानाला बारा अंकी बिल्ला मारणारा हाच माणूस आहे; २०२२ मध्ये राज्यात लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हाही लसीकरणाचा मोठा भार याच वर्गाने उचलला.

तरीही प्रतिजैविकांच्या बाबतीत सवलत देता येणार नाही. कासदाहावर अंदाजाने दिलेल्या औषधाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध संकलन केंद्रावरून पुढे ग्राहकाच्या घरी जाते. त्यामुळे पशुपालकांनी गोठ्यात येणाऱ्याचे प्रमाणपत्र अवश्य पाहावे, तो कोणत्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखाली काम करतो हे विचारावे, आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन त्या पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्याशिवाय टोचू देऊ नये.