एकच अक्षांश, दोन हवामाने : श्रवणबेळगोळ आणि मूडबिद्री

दक्षिण महाराष्ट्रातील जैन घराण्यांत श्रवणबेळगोळची यात्रा ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली परंपरा आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील यात्रेकरू पुष्कळदा एकाच फेरीत श्रवणबेळगोळचे दर्शन घेऊन, घाट उतरून वेणूर, मूडबिद्री व कारकळ येथे जातात. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आजी-आजोबांसह सारे कुटुंब निघते. म्हणजे महिना एप्रिल किंवा मे. सोय सुट्टीची असते, ऋतूची नसते. या दोन क्षेत्रांचा भूगोल आणि हवामान समजून घेतले, तर घरातील वयस्कर माणसांसाठी हाच काळ सर्वांत कष्टाचा आहे, हे सहज ध्यानात येईल.

नकाशावर ही दोन्ही क्षेत्रे जवळजवळ एका आडव्या रेषेत आहेत. श्रवणबेळगोळ तेराव्या अक्षांशाच्या किंचित खाली, तर मूडबिद्री किंचित वर. सरळ रेषेत दोहोंत सुमारे १६० किलोमीटर अंतर आहे. सूर्य दोन्हीकडे सारखाच माथ्यावर येतो. तरीही एकीकडे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि दुसरीकडे चार हजारांच्या घरात. या अंतराचे कारण म्हणजे मधे उभा असलेला सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे घाटाच्या पश्चिम उतारावर आपले बहुतेक पाणी सांडतात आणि पठारावर पोहोचेपर्यंत रिते होतात. कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. मूडबिद्री ते श्रवणबेळगोळ हा त्याचाच मोठा पट आहे.

दोन्ही गावांच्या नावांतच त्यांचा भूगोल सामावलेला आहे. कन्नडमध्ये ‘बेळ’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. श्रमणांचे धवल सरोवर ते श्रवणबेळगोळ. कोरड्या पठारावर दोन टेकड्यांच्या मधे साठलेले पाणी हीच त्या गावाची ओळख ठरली. मूडबिद्रीच्या नावात मात्र ‘मूडु’ म्हणजे पूर्व आणि ‘बिदिरु’ म्हणजे बांबू आहे. जेथे पाण्याची वाण नाही, तेथे गावाला तळ्याचे नव्हे, तर बांबूच्या बेटांचे नाव मिळाले.

श्रवणबेळगोळ समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेनऊशे मीटर उंचीवर, म्हणजे कोल्हापूरपेक्षाही तीनशे मीटर उंच आहे. आपल्याकडील काळा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. तेथील करडा ग्रॅनाइट मात्र त्याहून कितीतरी प्राचीन आणि एकसंध. विंध्यगिरीचा माथा म्हणजे असा एक प्रचंड अखंड खडक. गंग राजवटीतील मंत्री चामुंडराय यांनी ९८१ च्या सुमारास त्यातूनच ५७ फुटांची भगवान बाहुबलींची मूर्ती घडवून घेतली. समोरच्या चंद्रगिरीचे नाते तर थेट अवर्षणाशी आहे. उत्तरेत बारा वर्षांचा दुष्काळ पडणार हे जाणून आचार्य भद्रबाहू मुनिसंघासह दक्षिणेकडे आले आणि येथे स्थिरावले, अशी आपली परंपरा सांगते.

घाटाखालची भूमी अगदी निराळी. मूडबिद्री समुद्रसपाटीपासून अवघ्या दीडशे मीटरांच्या आसपास आहे. माती तांबडी, दगड जांभा, भोवती नारळ-सुपारीच्या बागा आणि भातखाचरे. येथील बसदींची घडण पावसानेच ठरवली आहे. १४३० च्या सुमारास उभारलेल्या ‘साविर कंबद’ म्हणजे सहस्रस्तंभ बसदीला उतरती, एकावर एक चढत जाणारी छपरे आहेत. खालचे बांधकाम दगडी, वरच्या मजल्यांत लाकूडकाम. ती पाहताना नेपाळमधील मंदिरांची आठवण होते. अतिवृष्टीत पाणी क्षणभरही छतावर थांबू नये, हा त्यामागचा व्यवहार. ‘धवला’, ‘जयधवला’ हे सिद्धान्तग्रंथ ज्या ताडपत्रांवर शतकानुशतके जपले गेले, तीही याच क्षेत्री. दमट हवेत कसर आणि बुरशी यांपासून ती पाने सांभाळणे किती कठीण असेल, हे पावसाळ्यात घरातील पुस्तके वाळवणाऱ्या कोणालाही समजेल.

आता यात्रेकरूच्या दृष्टीने पाहू. एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही ठिकाणी दुपारचा पारा चौतीस अंशांच्या आसपास असतो. आकडा सारखा, पण शरीराला ते दोन वेगळे उन्हाळे जाणवतात. श्रवणबेळगोळची हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे कळतच नाही. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात आणि उघडा ग्रॅनाइट दहा वाजेपर्यंत तळपायाला चटके देऊ लागतो. भर उन्हात उतरणे चढण्याहून अवघड होते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग गडगडतात. उघड्या माथ्यावर विजेचा धोका वेगळाच. मूडबिद्रीत उलटा प्रकार. तेथे घाम अंगावरच राहतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि थोडे चालूनही थकवा येतो. श्रवणबेळगोळला सूर्य मावळला की गारवा सुटतो. किनाऱ्यालगत रात्रही उबदारच राहते. म्हणून रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना पठारावरच्या पायऱ्या आणि किनाऱ्याचा दमटपणा, दोन्हींची काळजी घ्यावी लागते. एकाशन करणाऱ्यांनी किंवा सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात ही फेरी आखताना आणखी विचार करावा.

पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. जून ते सप्टेंबर या काळात शिराडी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद होण्याचे प्रसंग वारंवार येतात. बसदींची अंगणे शेवाळतात, वाटांवर सूक्ष्म जीवांची दाटी होते. चातुर्मासात मुनिसंघ एका जागी का राहतो, याचे उत्तर मूडबिद्रीच्या एखाद्या पायवाटेवर मिळते. ऑक्टोबरमध्ये किनारा उघडू लागतो. पण श्रवणबेळगोळकडे त्याच सुमारास परतीच्या पावसाचा जोर असतो. त्यामुळे दिवाळीची सुट्टीही निर्धोक नाही.

उरतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ. तेव्हा दोन्हीकडे आकाश निरभ्र असते. श्रवणबेळगोळला पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून लोकरीचे कपडे हवेत. मूडबिद्रीला सुती कपडेच पुरतात. २००६ आणि २०१८ चे महामस्तकाभिषेक फेब्रुवारीत झाले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आणखी एक सोय आहे. आपण जितके दक्षिणेला जातो, तितका हिवाळ्यातील दिवस मोठा होतो. डिसेंबरअखेर तेथील दिवस कोल्हापूरपेक्षा बारा-चौदा मिनिटांनी मोठा असतो, म्हणून सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे थोडे सुकर होते. शाळकरी मुले बरोबर असतील, तर नाताळची सुट्टी सर्वांत योग्य. आधी पठारावरून श्रवणबेळगोळ गाठावे. अंगात उमेद असतानाच पहाटे विंध्यगिरी चढून यावा. ज्यांना चढवत नाही, त्यांच्यासाठी डोलीची व्यवस्था असते. मग घाट उतरून वेणूर, मूडबिद्री, कारकळ करावे आणि किनाऱ्याने अंकोल्यापर्यंत येऊन हुबळीमार्गे परतावे.

या मार्गावर एक गोष्ट आवर्जून पाहावी. कारकळची १४३२ ची आणि वेणूरची १६०४ ची बाहुबली मूर्तीही उघड्यावरच उभी आहे. भोवतालच्या बसदींना उतरती छपरे असताना, चार हजार मिलिमीटर पावसात या मूर्तींवर मात्र छत्र नाही. भगवान बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, पायांशी वारुळे वाढली, अंगावर वेली चढल्या, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वर्षभर म्हणजे ऊन, पाऊस आणि थंडी, तिन्ही. पठारावर त्या तपातले ऊन कळते आणि घाटाखाली पाऊस. आपल्या आई-वडिलांना ती कथा तेथे उभे राहून शांतपणे आठवता यावी, असे वाटत असेल, तर शाळेच्या दिनदर्शिकेबरोबर आकाशाचीही दिनदर्शिका पाहून निघावे.