चढता संकेत, उतरता संकेत

२०१६ पासून देशातील अनेक शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आणि मुलांच्या हाती अर्डुइनोसारखे छोटे फलक आले. हवेचा दाब मोजावा, पावसाळ्यात तो कसा उतरतो ते वहीत मांडावे, असा उद्योग आता खेड्यातली मुलेही करतात. पण कधी मध्येच भलता आकडा पडतो, कधी यंत्र उत्तरच देईनासे होते. मूल बिचारे प्रोग्राम तपासत बसते; गुरुजी म्हणतात, सेन्सर बिघडला. पुष्कळदा बिघडलेले काहीच नसते. दोष असतो तो दोन दाबांच्या सांध्यात. त्या सांध्याविषयी आज थोडे पाहू.

अर्डुइनो उनो हा फलक ५ व्होल्टवर चालतो. हवेचा दाब मोजणारा बीएमपी २८० हा सेन्सर मात्र ३.६ व्होल्टपर्यंतच्या दाबावर चालण्यासाठी केलेला असतो, म्हणून त्याला ३.३ व्होल्ट देतात. दोघांच्या तारा सरळ जोडल्या तर नाजूक बाजूवर जादा दाब येतो. तेव्हा मध्ये एक दुभाष्या लागतो. हे दोघे पुष्कळदा ‘आय-टू-सी’ या दोन तारांच्या पद्धतीने बोलतात. ती फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. तिच्यासाठी दुभाष्या अगदी सोपा असतो. दर तारेमागे मॉस्फेट जातीचा एक ट्रॅन्झिस्टर आणि दोन रोधक, म्हणजे रेझिस्टर. एक रोधक तारेचा एक भाग ५ व्होल्टकडे ओढून धरतो, दुसरा रोधक दुसरा भाग ३.३ कडे. तार वर असली की ‘१’, खाली आली की ‘०’.

आता खरी मेख पाहा. ‘०’ पाठवायचा तर ट्रॅन्झिस्टर तारेला खाली खेचतो, आणि तो जोरकस असतो. ‘१’ पाठवताना मात्र वर ढकलणारे कोणी नसते. तार नुसती सोडून द्यायची आणि रोधकातून येणाऱ्या बारीक प्रवाहाने ती हळूहळू चढायची. हौदाचे बूच काढले की पाणी भसाभसा निघून जाते, पण भरायचा तो बारीक तोटीने. तसाच हा प्रकार. तोटी म्हणजे रोधक, आणि हौद म्हणजे तारेच्या अंगी असलेली वीज साठवण्याची शक्ती, तिला धारकता म्हणतात. तार जितकी लांब, तितका हौद मोठा.

ही चढण किती वेळ घेते, याचा हिशेब सोपा आहे. रोध आणि धारकता यांचा गुणाकार करावा आणि त्याची ०.८५ पट घ्यावी. तेवढ्या वेळात तार आपल्या पूर्ण दाबाच्या ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढते. समजा, रोधक १०,००० ओहमचा आहे आणि धारकता १०० पिकोफॅरड. गुणाकार आला १,००० नॅनोसेकंद. म्हणजे चढण सुमारे ८५० नॅनोसेकंदांची. सेकंदाला एक लाख ठोके असतील तर १,००० नॅनोसेकंदांपर्यंत चढण चालते, असा या पद्धतीचा नियम आहे. म्हणजे टेबलावर काम ठीक चालले.

पण मुलाने सेन्सर खिडकीबाहेर टांगला. साध्या जोडतारेच्या एका मीटरमागे साधारण ५० ते १०० पिकोफॅरड धारकता येते. दोन-तीन मीटर तारेने ती २०० झाली, असे धरा. चढण झाली १,७०० नॅनोसेकंद! आता भरवसा संपला. ‘१’ पुरता चढण्याआधीच वाचला जातो आणि ‘०’ म्हणून गणला जातो.

उपाय काय? तोटी मोठी करावी, म्हणजे रोधक कमी करावा. ४,७०० ओहमचा लावला तर तीच चढण ८०० नॅनोसेकंदांवर येते. मग तो आणखी कमी का करू नये? कारण तार खाली खेचणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या रोधकांचा प्रवाह पोटात घ्यावा लागतो, आणि त्याच्याकडून ३ मिलिअँपिअरपेक्षा जास्तीची अपेक्षा धरू नये. ४,७०० ओहमला हा प्रवाह १.८ मिलिअँपिअर होतो, ३,३०० ला २.५, आणि २,२०० ला ३.८. म्हणजे २,२०० ला मर्यादा ओलांडली. चढण सुधारायला गेलो आणि उतरण बिघडली, असे व्हायचे!

तेव्हा इथे समतोल म्हणजे दोन्ही वेळा सारख्या करणे नव्हे. दोन्ही बाजू आपापल्या मर्यादेत राखणे. सगळीकडे एवढ्याने भागत नाही, बरे का. संगणकाच्या डीडीआर स्मृतीत ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती नेतात. तिथे चढ-उतारांच्या वेळा जुळाव्याच लागतात. म्हणून वर ढकलायलाही ट्रॅन्झिस्टर ठेवतात आणि दोघांची ताकद एकमेकांशी जुळवून घेतात.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यापुरते तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तार होईल तितकी आखूड ठेवा. ठोके उगाच वाढवू नका. सेकंदाला चार लाख ठोके केले तर चढणीची मर्यादा ३०० नॅनोसेकंदांवर येते. आणि सेन्सरच्या पट्टीवर आधीच रोधक बसवलेले आहेत का, ते पाहा. १०,००० ओहमचे दोन रोधक समांतर आले की मिळून ५,००० च होतात. एवढे तपासा, आणि मगच सेन्सर टाकून द्यायचा की नाही ते ठरवा. सेन्सरचे पैसे वाचतील, आणि चूक आपलीच असावी असे समजून खट्टू झालेले मूल पुन्हा वही उघडील.